पोर्ट फॉस्टर, डिसेप्शन बेट: ज्वालामुखीच्या पोटातलं बंदर आणि त्याची नावं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अंटार्क्टिकाच्या वाटेवर एक बेट आहे, ज्याच्या मधोमध जहाज नेता येतं. बेटाचं नाव डिसेप्शन आणि आतल्या पाण्याचं नाव पोर्ट फॉस्टर. त्याविषयी लोक जे प्रश्न विचारतात ते बहुतेक दोनच प्रकारचे असतात: ‘हे असं कसं झालं?’ आणि ‘हे नाव कुणी दिलं?’ दुसऱ्या प्रकारचे प्रश्न इथे जास्त जागा घेतील. या बंदराच्या नकाशावरची नावं वाचली की कोण कोण इथे आलं आणि त्यांना इथून काय हवं होतं, हे समजतं. सीलची कातडी, गुरुत्वाकर्षणाचं मोजमाप, देवमाशाचं तेल आणि शेवटी नुसता मालकीहक्क, असा तो क्रम आहे.

हे ठिकाण नेमकं कुठे आहे?

अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या उत्तर टोकासमोर दक्षिण शेटलंड नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातलं हे एक बेट. अक्षांश 62 अंश 57 मिनिटं दक्षिण, रेखांश 60 अंश 38 मिनिटं पश्चिम. अर्जेंटिनाच्या उशुआया बंदरापासून सरळ रेषेत साधारण हजार किलोमीटर. मात्र मधे ड्रेक पॅसेज आहे, आणि त्या समुद्राची ख्याती चांगली नाही.

म्हणजे ते अंटार्क्टिक वृत्ताच्या आत येतं का?

नाही. वृत्त त्याच्याही बरंच दक्षिणेला आहे. तरी हवा ध्रुवीयच. वर्षाचं सरासरी तापमान उणे 3 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि बेटाचा निम्म्याहून अधिक भाग हिमनद्यांखाली आहे. त्या हिमनद्या पांढऱ्या असतील अशी कल्पना करून गेलेल्यांची मात्र निराशा होते. जुन्या उद्रेकांच्या राखेने त्यांतल्या कित्येक काळ्याकुट्ट झाल्या आहेत.

बेटाच्या आत बंदर कसं काय?

हातातल्या कड्याला एका ठिकाणी बारीक फट असावी, तसा बेटाचा आकार आहे. कड्याचा व्यास साधारण 12 किलोमीटर. त्याच्या आत समुद्राचं पाणी भरलेलं आहे, सुमारे 9 किलोमीटर लांब आणि 6 किलोमीटर रुंद. मधल्या भागात खोली 160 मीटरच्या घरात जाते. भोवती डोंगरांची भिंत असल्यामुळे बाहेर समुद्र खवळलेला असला तरी आत मोठ्या लाटा येत नाहीत. अंटार्क्टिकाच्या परिसरात असा आसरा फार थोड्या ठिकाणी मिळतो. बेटाचा पुढचा सगळा इतिहास या एका सोयीवर उभा आहे.

हे कडं म्हणजे ज्वालामुखीचा काठ. सुमारे 4000 वर्षांपूर्वी एक प्रचंड उद्रेक झाला. पोटातला शिलारस बाहेर पडल्यावर वरचं छप्पर आधाराविना खाली बसलं आणि एक विस्तीर्ण खळगा तयार झाला. भूशास्त्रात त्याला कॅल्डेरा म्हणतात. काठ आग्नेय बाजूला फुटलेला आहे आणि तिथून समुद्र आत आला.

लोणारसारखंच झालं की हे!

हा प्रश्न मराठी वाचक हमखास विचारतात. गोल काठ आणि मधे पाणी, इतकंच साम्य. लोणारचं विवर उल्कापातामुळे झालं, त्याचा व्यास 1.8 किलोमीटरच्या आसपास, आणि ते ज्या बेसॉल्टमध्ये आहे तो कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा थर आहे. तिथे खाली आता काही धगधगत नाही. डिसेप्शनच्या खाली अजून धगधगतं आहे.

आत शिरायची वाट किती रुंद आहे? ‘नेप्च्यून्स बेलोज’ हे नाव कशावरून?

दोन्ही कड्यांमधलं अंतर साधारण अर्धा किलोमीटर. ऐकायला पुरेसं वाटतं, पण वाटेच्या मधोमध पाण्याखाली जेमतेम अडीच मीटरवर एक खडक आहे, रावन रॉक. तो वरून दिसत नाही. त्यामुळे जहाजं मधून जात नाहीत. उत्तरेकडच्या कॅथीड्रल क्रॅग्ज या उभ्या कड्याला जवळजवळ खेटून आत शिरतात. पहिल्यांदा जाणाऱ्या प्रवाशाला वाटतं कप्तानाला वेड लागलंय. प्रत्यक्षात तीच शहाणपणाची बाजू.

बेलोज म्हणजे लोहाराचा भाता. डोंगरांच्या मधल्या या फटीतून वारा असा जोरात फुंकला जातो, की 1820 नंतरच्या पहिल्या दोन-तीन हंगामांतच अमेरिकन सील-शिकाऱ्यांनी तिला समुद्रदेव नेप्च्यूनचा भाता म्हणायला सुरुवात केली. शिडाच्या जहाजावर उभं राहून ज्याने तो वारा तोंडावर घेतला त्यालाच हे नाव सुचू शकतं. माझ्या मते या सगळ्या नकाशावरचं हे सर्वांत चपखल नाव आहे.

वाट अजूनही खोडकर आहे. 1957 मध्ये ‘सदर्न हंटर’ हे ब्रिटिश शिकारी जहाज तिथेच खडकावर चढलं आणि तिथेच राहिलं. जानेवारी 2007 मध्ये ‘नॉर्डकॅप’ या नॉर्वेजियन प्रवासी जहाजाचा तळ त्याच वाटेत घासला. प्रवाशांना दुसऱ्या जहाजावर हलवावं लागलं आणि थोडं डिझेलही सांडलं.

‘डिसेप्शन’ हे नाव कुणी दिलं?

श्रेय अमेरिकन सील-शिकारी नॅथॅनियल पामर याला जातं. पण क्रम नीट लावायला हवा, कारण ‘पाहिलं’, ‘आत शिरला’ आणि ‘नाव दिलं’ या तिन्ही गोष्टींची नेहमी सरमिसळ होते.

दक्षिण शेटलंड बेटं पहिल्यांदा दिसली ती 1819 मध्ये, विल्यम स्मिथ या इंग्रज व्यापारी कप्तानाला. केप हॉर्नला वळसा घालताना वाऱ्यामुळे तो फार दक्षिणेला गेला होता. पुढच्या वर्षी, जानेवारी 1820 मध्ये, ब्रिटिश नौदलाने त्याच्याच ‘विल्यम्स’ जहाजावर एडवर्ड ब्रान्सफील्ड या अधिकाऱ्याला पाठवलं. त्या फेरीत डिसेप्शन बेट दिसलं, पण ते आतून पोकळ आहे हे त्यांना समजलं नाही. बाहेरून ते कुठल्याही साध्या बेटासारखंच दिसतं, डोंगर, बर्फ आणि खडक.

बातमी फुटल्यावर कातड्यांसाठी झुंबड उडाली. कनेटिकटमधल्या स्टोनिंग्टन गावच्या ताफ्यातलं ‘हीरो’ नावाचं जेमतेम 44 टनांचं गलबत नव्या किनाऱ्यांचा आणि आसऱ्याच्या जागांचा शोध घेत फिरत होतं. त्याचा कप्तान पामर तेव्हा 21 वर्षांचा होता. नोव्हेंबर 1820 च्या मध्याला तो या फटीतून आत गेला आणि बेटाच्या पोटात अख्खं बंदर आहे हे उघड झालं. बाहेरून एक आणि आतून भलतंच, म्हणून डिसेप्शन, फसवं बेट. इतकी साधी गोष्ट आहे. नावात कुठलाही कट, शाप किंवा बुडालेला खजिना नाही, जरी पर्यटनाच्या माहितीपत्रकांना तसं सुचवायला आवडत असलं तरी.

पामरने इथूनच अंटार्क्टिका खंड पहिल्यांदा पाहिला, हे खरं का?

व्हेलर्स बे या आतल्या खाडीच्या मागे कड्यात एक खाच आहे. तिला नेप्च्यून्स विंडो म्हणजे नेप्च्यूनची खिडकी म्हणतात. तिथे उभं राहून पामरला द्वीपकल्प दिसला अशी कथा सांगतात. त्या दिवसांत पामरने द्वीपकल्पाचा किनारा पाहिला असेल, पण तो पहिला नव्हता. रशियन मोहिमेच्या बेलिंग्सहाउझेनला जानेवारी 1820 च्या अखेरीस खंडाच्या कडेचं बर्फ दिसलं होतं, आणि त्याच आठवड्यात ब्रान्सफील्डला द्वीपकल्पाचं टोक. शिवाय ‘खिडकी’ हे नाव पामरच्या काळचं नाहीच. ते पेनफोल्ड या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने 1948-49 च्या सर्वेक्षणानंतर दिलं. कथेला खिडकी मिळाली ती सव्वाशेहून अधिक वर्षांनी.

बेटाला दुसरं नाव होतं का?

होतं. बेलिंग्सहाउझेन 1821 च्या सुरुवातीला याच बेटांजवळून गेला आणि त्याने सगळ्या द्वीपसमूहाला रशियन नावं ठेवली. नेपोलियनशी झालेल्या लढायांच्या आठवणी ताज्या होत्या, त्यामुळे बोरोदिनो, स्मोलेन्स्क, वॉटर्लू अशी रणांगणंच्या रणांगणं नकाशावर आली. डिसेप्शनला त्याने टेल असं नाव दिलं. पण रशियन जहाजं पुढे त्या भागात कामाला आली नाहीत, सील-शिकारी मात्र येत राहिले. रोज तोंडात असलेलं नाव टिकलं.

सील-शिकाऱ्यांचं पुढे काय झालं?

सीलच संपले. इंग्रज शिकारी-कप्तान जेम्स वेडेलच्या अंदाजाप्रमाणे 1821 आणि 1822 या दोन वर्षांत दक्षिण शेटलंडमधून 3,20,000 फर सील मारले गेले. पिल्लांच्या आयांनाही सोडलं नाही, तेव्हा दशकाच्या मध्यापर्यंत धंदाच उरला नाही. प्रवेशद्वाराच्या उत्तर बाजूचं फिल्ड्स पॉइंट हे टोक त्या काळची खूण आहे. रॉबर्ट फिल्ड्स या ब्रिटिश शिकारी-कप्तानाने इथल्या किनाऱ्यांची टिपणं आणि नकाशे केले होते.

मग फॉस्टर कोण? तो शिकारी होता का?

हेन्री फॉस्टर ब्रिटिश नौदलाचा अधिकारी आणि पक्का विज्ञानवाला. त्याआधी पॅरी या ब्रिटिश ध्रुवीय संशोधकाच्या मोहिमांबरोबर तो आर्क्टिकमध्ये गेला होता आणि तिथल्या निरीक्षणांसाठी 1827 मध्ये रॉयल सोसायटीचं कोपली पदक त्याला मिळालं होतं. 1828 मध्ये ‘चँटिक्लीअर’ हे छोटं जहाज घेऊन तो निघाला. काम असं: पृथ्वीवर ठिकठिकाणी लंबक झुलवायचा आणि त्याचे हेलकावे मोजायचे.

यातून काय मिळतं? पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी आहे आणि स्वतःभोवती फिरते, म्हणून गुरुत्वाकर्षण विषुववृत्तावर किंचित कमी आणि ध्रुवांकडे किंचित जास्त असतं. गुरुत्वाकर्षण वाढलं की लंबक भरभर झुलतो. विषुववृत्तावर अगदी बरोबर लावलेलं लंबकाचं घड्याळ डिसेप्शनला नेलं तर ते दिवसाला तीन मिनिटांच्या आसपास पुढे जाईल. हा फरक अनेक अक्षांशांवर मोजला की पृथ्वी नेमकी किती चपटी आहे हे गणिताने काढता येतं. त्यासाठी लंबक स्थिर जमिनीवर, वाऱ्यापासून दूर, आठवडेच्या आठवडे ठेवावा लागतो. दूर दक्षिणेला तशी जागा शोधायची म्हणजे हे बंदर सोडून फारसे पर्याय नव्हते. जमीन स्थिर असण्याबद्दल फॉस्टरने जो विश्वास दाखवला त्यावर आजचे भूकंपशास्त्रज्ञ हसतील, पण तेव्हा काम झालं.

1829 च्या सुरुवातीचे दोन महिने ‘चँटिक्लीअर’ इथे नांगरलेलं होतं. ज्या छोट्या खाडीच्या काठावर उपकरणं मांडली तिचं नाव पेंड्युलम कोव्ह, लंबकाची खाडी. त्याच मुक्कामात एडवर्ड केंडल या अधिकाऱ्याने बेटाचा पहिला नीटस नकाशा तयार केला. हा केंडल पूर्वी फ्रँकलिनच्या आर्क्टिक मोहिमेत होता.

फॉस्टरला स्वतःचं नाव नकाशावर रुळलेलं पाहता आलं नाही. परतीच्या वाटेवर, फेब्रुवारी 1831 मध्ये, पनामातल्या चाग्रेस नदीत तो बुडून मेला. ध्रुवीय समुद्र पार केलेला माणूस एका उष्ण प्रदेशातल्या नदीत गेला.

पॉन्ड, बेली ही नावं कुणाची?

याच लंबकाच्या गणगोतातली. माउंट पॉन्ड हा बेटावरचा सर्वांत उंच डोंगर, साधारण 540 मीटर. जॉन पॉन्ड हे तेव्हाचे ब्रिटनचे राजखगोलशास्त्रज्ञ. पूर्वेकडचं बेली हेड हे टोक फ्रान्सिस बेली या खगोलशास्त्रज्ञाचं. फॉस्टर गेल्यावर त्याच्या वह्यांमधले आकडे घेऊन निष्कर्ष काढण्याचं किचकट काम बेलीने केलं. दोघांपैकी कुणीही बेटावर पाऊल ठेवलं नाही. आज बेली हेडवर चिनस्ट्रॅप पेंग्विनांची भलीमोठी वसाहत आहे, हजारो जोड्यांची, आणि तो वास बेलीच्या नशिबी आला नाही हे बरंच झालं.

थर्मामीटरची गोष्ट काय आहे?

निघताना फॉस्टरच्या लोकांनी पेंड्युलम कोव्हमध्ये एक स्वयंनोंदणी करणारा थर्मामीटर ठेवला, म्हणजे हिवाळ्यात किती थंडी पडते ते पुढे येणाऱ्याला कळेल. 1839 मध्ये अमेरिकेच्या विल्क्स मोहिमेतलं ‘सी गल’ जहाज तो शोधायला आलं, पण सापडला नाही. अखेर 1842 मध्ये स्मायली नावाच्या अमेरिकन सील-शिकारी कप्तानाला तो मिळाला. नोंद होती उणे 5 अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण उणे 20.6 सेल्सिअस. स्मायलीने जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली: बेटाची दक्षिण बाजू पेटलेली होती आणि तेरा ठिकाणी ज्वाळा दिसत होत्या. उद्रेकाची प्रत्यक्षदर्शीने दिलेली ही पहिली ठळक बातमी.

व्हेलर्स बे आणि तिथल्या गंजलेल्या टाक्या कशाच्या?

सीलनंतर देवमासे. स्मायलीनंतर साठ-सत्तर वर्षं इथे फारसं कुणी फिरकलं नाही. मग 1906 मध्ये अडॉल्फस आंद्रेसेन हा चिलीच्या पुंता अरेनासमध्ये स्थायिक झालेला नॉर्वेजियन ‘गोबेर्नादोर बोरिएस’ जहाज घेऊन आला आणि आत शिरल्यावर उजवीकडे लागणाऱ्या खाडीत त्याने मुक्काम ठोकला. जहाज हाच कारखाना. कापलेली चरबी जहाजावरच्या कढयांमध्ये वितळवून तेल काढायचं. त्यासाठी दोन गोष्टी लागत, न हलणारं पाणी आणि पिण्याजोगं गोडं पाणी. बंदराने दोन्ही दिलं. आंद्रेसेनची बायको मारी रासमुसेनही तिथे त्याच्याबरोबर राहिली.

डिसेंबर 1908 मध्ये फ्रेंच संशोधक जाँ-बाप्तिस्त शार्को ‘पुरक्वा-पा?’ घेऊन आला. बंदरात जहाजांची वसाहतच वसलेली होती. आंद्रेसेनने त्याला कोळसा दिला. शार्कोने खाडीला नाव दिलं ते सरळ व्यवसायावरून, व्हेलर्स बे, देवमासे मारणाऱ्यांची खाडी. त्याच्या मोहिमेने ठिकठिकाणी राजे, मंत्री आणि देणगीदार यांची नावं वाटली. इथे मात्र त्याने जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं.

ब्रिटनने 1908 मध्ये या बेटांवर अधिकृतपणे हक्क सांगितला, शिकारीवर परवाने लावले, आणि दोन वर्षांनी हंगामापुरता एक दंडाधिकारी पाठवायला सुरुवात केली. चरबी काढून घेतली की उरलेली धडं सरळ पाण्यात सोडत आणि ती काठाला येऊन कुजत पडत. ती वाया जाऊ नयेत म्हणून 1912 मध्ये हेक्टर या नॉर्वेजियन कंपनीने काठावर कारखाना उभारला आणि त्यांतून उरलंसुरलं तेल काढायला सुरुवात केली. गंजलेल्या टाक्या आणि बॉयलर दिसतात ते त्याचे.

शेवट तंत्रज्ञानाने केला. 1925 पासून मागच्या बाजूला उतार असलेली कारखाना-जहाजं आली. देवमासा थेट डेकवर ओढून घ्यायचा आणि भर समुद्रातच सगळं आटोपायचं. आसऱ्याची गरज संपली, परवान्याचीही. त्यात तेलाचा भाव कोसळला आणि 1931 मध्ये हेक्टरने कुलूप लावलं. मागे 35 कबरींचं एक कब्रस्तान राहिलं. आज त्यातलंही जवळजवळ सगळं गाडलं गेलं आहे, कारण पुढे येईल.

छोट्या नावांमागे काही किस्से आहेत का?

आहेत, आणि मला तेच जास्त आवडतात.

प्रवेशाच्या वाटेतल्या रावन रॉकमधलं रावन हे एका शिकारी बोटीचं नाव. बंदराच्या आतल्या टोकाला टेलिफोन बे आहे आणि हे वाचून प्रत्येक जण विचारतो की तिथे टेलिफोन कसा. ‘टेलेफोन’ नावाचं एक जहाज जवळच्या किंग जॉर्ज बेटापाशी खडकावर आदळलं होतं. शिकाऱ्यांनी ते वाचवून इथे आणलं आणि 1909 मध्ये ते दुरुस्तीची वाट पाहत या खाडीत उभं होतं. व्हेलर्स बेच्या काठावर एक गोलसर तळं आहे, क्रोनर लेक. नॉर्वेजियन कामगार त्याला आकारामुळे दोन क्रोनरचं नाणं म्हणायचे. पगारासाठी जगाच्या टोकाला आलेल्या माणसांना तळ्यात नाणं दिसलं. बेली हेडच्या बाजूला समुद्रात उभे असलेले टोकदार सुळके म्हणजे सोइंग मशीन नीडल्स, शिलाई यंत्राच्या सुया. आधी तिथे खडकाची कमान होती. 1924 मध्ये भूकंपाच्या धक्क्याने ती कोसळली आणि सुया उरल्या.

फ्युमरोल बे मात्र नाव नसून वर्णन आहे: काठावर वाफेची छिद्रं आहेत, बस्स.

इथून विमानही उडालं होतं म्हणे?

हो. ह्यूबर्ट विल्किन्स हा ऑस्ट्रेलियन संशोधक 1928 मध्ये हेक्टर कंपनीच्या ‘हेक्टोरिया’ जहाजातून दोन लॉकहीड व्हेगा विमानं घेऊन आला. खाडीतला बर्फ भरवशाचा नव्हता, म्हणून ज्वालामुखीच्या राखेवर ओबडधोबड धावपट्टी साफ केली. 16 नोव्हेंबर 1928 रोजी वैमानिक कार्ल बेन आयेल्सनबरोबर त्याने उड्डाण केलं, अंटार्क्टिकातलं इंजिनच्या विमानाचं पहिलं. 20 डिसेंबरला ते द्वीपकल्पावरून सुमारे 2100 किलोमीटर फिरून आले.

आणि त्या एका फेरीत विल्किन्सने वरून बघत बघत नावं वाटली: केसी चॅनल, स्टेफान्सन सामुद्रधुनी, हेक्टोरिया फ्योर्ड्‌स. खालचा प्रदेश म्हणजे बेटांची माळ आहे असं त्याला वाटलं. 1934 ते 1937 मधल्या ब्रिटिश मोहिमेने जमिनीवरून चालत जाऊन दाखवलं, की ते आरपार गेलेले जलमार्ग नव्हतेच, खाली हिमनद्या होत्या. म्हणून आज नकाशावर केसी ग्लेशियर आणि हेक्टोरिया ग्लेशियर आहेत. वस्तू चुकीची ठरली तरी नाव काढून टाकलं नाही, फक्त शेपूट बदललं.

हे बेट आज कोणत्या देशाचं?

ब्रिटन, अर्जेंटिना आणि चिली तिघेही आपलं म्हणतात. 1942 मध्ये अर्जेंटिनाचं ‘प्रिमेरो दे मायो’ जहाज येऊन मालकीचा फलक लावून गेलं. जानेवारी 1943 मध्ये ब्रिटिश जहाजाने तो उतरवला. महायुद्ध चालू असताना, फेब्रुवारी 1944 मध्ये, ब्रिटनने ‘ऑपरेशन टॅबरिन’ या गुप्त मोहिमेतून व्हेलर्स बेमध्ये कायमचं ठाणं बसवलं. 1948 मध्ये अर्जेंटिनाने, 1955 मध्ये चिलीने पेंड्युलम कोव्हमध्ये. मधे 1953 मध्ये ब्रिटिश सैनिकांनी इतर दोघांच्या झोपड्या पाडल्या. एकाच लहानशा बेटावर तीन देशांची ठाणी, आणि प्रत्येकाचा स्वतंत्र नकाशा. फलक लावायला आलेल्या त्या अर्जेंटिनी जहाजाचंही नाव एका खाडीला चिकटलं. या काळातली नावं वाचताना ती जागेसाठी दिली की दाव्यासाठी, असा प्रश्न पडतो. अपवाद असतातच. प्रवेशद्वाराजवळचा पीट्स पिलर हा सुळका 1950 च्या दशकातल्या हवाई सर्वेक्षणाच्या एका वैमानिकाच्या लाडक्या नावावरून ओळखला जातो.

1959 चा अंटार्क्टिक करार 1961 मध्ये लागू झाला आणि सगळे दावे जिथल्या तिथे गोठवले गेले. कुणी सोडले नाहीत, कुणाला मान्यताही नाही.

ज्वालामुखी पुन्हा कधी जागा झाला?

1920 च्या दशकात बंदरातलं पाणी इतकं तापलं की जहाजांच्या तळाचा रंग सोलवटून निघाला. पण मोठा तडाखा 4 डिसेंबर 1967 रोजी बसला. पेंड्युलम कोव्हमधलं चिलीचं ठाणं उद्ध्वस्त झालं, टेलिफोन बेमध्ये एक नवं बेट वर आलं, आणि माणसांना चिलीच्या ‘पिलोतो पार्दो’ जहाजाने सोडवलं. ब्रिटिश पुढच्या डिसेंबरमध्ये परत आले आणि 21 फेब्रुवारी 1969 रोजी दुसरा उद्रेक झाला. हिमनदी खालून वितळली आणि चिखलाचा लोंढा व्हेलर्स बेवरून गेला. ब्रिटिश इमारतींचं नुकसान झालं आणि देवमासे मारणाऱ्यांचं कब्रस्तान गाडलं गेलं. ठाणं कायमचं सोडलं. ऑगस्ट 1970 मध्ये तिसरा उद्रेक झाला आणि टेलिफोन बेमधलं नवं बेट किनाऱ्याला जोडलं गेलं.

त्यामुळे जुन्या नकाशावर विसंबून चालत नाही. फॉस्टरच्या काळातली पेंड्युलम कोव्ह ही खरी खाडी होती. आज तिथे राखेने भरलेला जवळजवळ सरळ किनारा आहे.

तिथे गरम पाण्यात आंघोळ करता येते, हे खरं का?

पेंड्युलम कोव्हमध्ये वाळूतून गरम पाणी झिरपतं. पूर्वी प्रवासी खड्डा खणून त्यात बसायचे. आता खणू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पाणी काही जागी पाय भाजेल इतकं गरम असतं, आणि दोन पावलांवर गोठवणारं. वाफेच्या छिद्रांभोवती वाढणारी दुर्मिळ शेवाळं संरक्षित आहेत. तिथे प्रवाशांना जाताच येत नाही.

सध्या तिथे कोण राहतं?

हिवाळ्यात कुणीही नाही. उन्हाळ्यापुरतं अर्जेंटिनाचं ‘डिसेप्शिओन’ आणि स्पेनचं ‘गाब्रिएल दे कास्तिया’ ही केंद्रं चालतात. दोन्हीकडे मुख्य काम भूकंपमापक यंत्रांवर लक्ष ठेवण्याचं.

भारताचा या बंदराशी काही संबंध?

थेट संबंध नाही. भारताची मैत्री आणि भारती ही केंद्रं खंडाच्या पूर्व बाजूला आहेत, इथून हजारो किलोमीटरवर. डिसेंबर 1981 मध्ये पहिली भारतीय मोहीम गोव्याहून निघाली, आणि आजही वास्को द गामा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातूनच सगळं कामकाज चालतं. नावांच्या बाबतीत मात्र धागा आहे. दक्षिण गंगोत्री, मैत्रीजवळचं प्रियदर्शिनी सरोवर ही नावं आता अंटार्क्टिकाच्या नकाशावर आहेत.

आता नवं नाव कोण ठरवतं?

अंटार्क्टिकात नावं ठरवणारी एकच संस्था नाही. प्रत्येक देशाची आपापली समिती असते आणि तिने मंजूर केलेली नावं एका सामायिक आंतरराष्ट्रीय कोशात जातात. कोश कुणाचंही नाव नाकारत नाही. एकाच कड्याची चार नावं असली तर चारही नोंदवतो. म्हणूनच नेप्च्यूनचा भाता इंग्रजीत बेलोज आहे आणि स्पॅनिशमध्ये फुएयेस दे नेप्तुनो. बंदरातून ये-जा करणाऱ्या जहाजांच्या रेडिओवर मात्र बहुतेक वेळा नुसतं ‘बेलोज’ ऐकू येतं, आणि आत शिरण्याआधी प्रत्येक जहाज तेवढंच सांगतं: अमुक वाजता बेलोजमधून आत येत आहोत.